सोलर एवढं स्वस्त झालंय तरी कोळशाची नवीन केंद्रं का बांधतोय आपण?

सायंकाळची_वीज

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून इथे विचारतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये गुजरातच्या निविदेत सोलरचा दर युनिटला १ रुपया ९९ पैसे इतका खाली आला होता, आता थोडा वर गेलाय पण अडीच रुपयांच्या आसपासच आहे. उलट कोळशाच्या नवीन केंद्रांच्या अलीकडे ज्या निविदा निघाल्या त्यांचे दर पाच-सहा रुपयांच्या घरात आहेत. २०२५ च्या जूनमध्ये देशाच्या एकूण स्थापित क्षमतेतली निम्मी क्षमता नॉन-फॉसिल झाली, म्हणजे सोलर, पवन, धरणं, अणू हे सगळं धरून. आणि तरी वर्षभरात प्रत्यक्ष जी वीज तयार होते त्यातली ७० टक्क्यांच्या वर अजून कोळशाचीच आहे, आणि सरकार म्हणतंय की २०३१-३२ पर्यंत कोळशाची आणखी किमान ८० हजार मेगावॅट क्षमता लागेल.

हे गणित मला जुळत नाहीये. कोणाला विचारलं की एकतर "सगळा कोळसा लॉबीचा खेळ आहे" असं उत्तर मिळतं नाहीतर "गरीब देशाला दुसरा पर्यायच नाही" असं, आणि दोन्ही ऐकून समाधान होत नाही. आपल्याकडे माणशी वार्षिक वापर २०२३-२४ मध्ये १,३९५ युनिट होता, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे वीज अजून भरपूर लागणार आहे हे मला मान्य आहे, ती लागूच दे, लोकांच्या घरात पंखा फ्रिज चालायलाच पाहिजे. माझा प्रश्न एवढाच की ती वाढीव वीज कोळशाचीच का? आणि आज बांधलेलं केंद्र २५-३० वर्षं चालणार, मग २०७० च्या नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच परत शोषून घ्यायच्या उद्दिष्टाचं, काय?

घोषणा नकोत, ज्यांनी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी सविस्तर लिहिलं तर फार बरं होईल.

---

बॉयलर_मजला

मी निवृत्त आहे, सगळी नोकरी थर्मलमध्ये, त्यातला बराच काळ ऑपरेशनला, त्यामुळे आतून जसं दिसतं तसं लिहितो. थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे स्थापित क्षमता आणि तयार होणारी वीज यांची गल्लत टीव्हीवाले नेहमी करतात, तुम्ही केली नाहीये हे बरं वाटलं. १ मेगावॅट सोलर चांगल्या उन्हाच्या जागी वर्षाला १८-२० लाख युनिट देतं. कोळशाच्या केंद्रांचा देशाचा सरासरी पीएलएफ (म्हणजे क्षमतेच्या किती टक्के वीज प्रत्यक्ष काढली) २०२३-२४ मध्ये ६९ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे १ मेगावॅट कोळसा वर्षाला ६० लाख युनिट. तिप्पट. म्हणून क्षमतेत निम्मे-निम्मे झालो तरी विजेत निम्मे-निम्मे व्हायला अजून वेळ आहे. आणि त्यातही ते २० लाख युनिट जवळजवळ सगळे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच-साडेपाचच्या आत येतात. तुमचा अडीच रुपये दर हा त्या वेळेतल्या विजेचा दर आहे. संध्याकाळी साडेसातला त्या दराची वीज बाजारात नसते.

आता कोळशाकडे या. आपला कोळसा म्हणजे किलोमागे ३५००-४००० किलोकॅलरी आणि राख ३० ते ४५ टक्के. एक युनिट वीज काढायला साधारण २४०० किलोकॅलरी उष्णता लागते म्हणजे सहाशे-साडेसहाशे ग्रॅम कोळसा. ५०० मेगावॅटचं एक युनिट, म्हणजे आमच्या भाषेत एक बॉयलर-टर्बाइन संच, फुल लोडवर दिवसाला साडेसात-आठ हजार टन कोळसा खातं, म्हणजे दोन रेक, दोन अख्ख्या मालगाड्या, रोज, सणवार काही न बघता. पावसाळ्यात ओला कोळसा आला की टिपलरवर वॅगन उलटी करूनही निम्मा माल आतच चिकटलेला, कोळशाचा बंकर चोक, खाली फीडरला कोळसा उतरत नाही, पोरं बंकरवर घण मारत बसलेली आणि इकडे कंट्रोल रूममध्ये कोळसा दळणारी एकेक मिल सुटत चाललेली, लोड कमी करा म्हणून धावपळ, आणि वरून लोड डिस्पॅचचा, म्हणजे ग्रिड सांभाळणाऱ्यांचा, फोन की लोड का पडला. हे सांगण्याचं कारण असं की "कोळसा म्हणजे भरवशाची वीज" हे वाक्य निम्मंच खरं आहे. खाण, रेल्वे, पाणी, मिल, बॉयलर ट्यूब ही सगळी साखळी धड असेल तर भरवशाची. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातल्या केंद्रांकडे सरासरी चारेक दिवसांचा साठा उरला होता, आणि एप्रिल-मे २०२२ मध्ये कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून पॅसेंजर गाड्या रद्द कराव्या लागल्या होत्या, ते आठवत असेल.

तरीपण कोळसा का सुटत नाही? कारण रात्री मोठ्या प्रमाणात वीज देणारं दुसरं काही आपण अजून पुरेसं बांधलेलं नाही. गॅस आपल्याकडे कमी, बाहेरून आणला तर महाग, गॅसची कितीतरी केंद्रं बांधून पडून आहेत. अणुऊर्जा वाढतेय पण फार हळू. धरणांचं पाणी मोजून मापून. राहतो कोळसा, जो आपल्याच जमिनीत आहे, २०२४-२५ मध्ये देशाचं उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेलं.

आणि अजून एक, जे बाहेर फारसं कुणी बोलत नाही. बॉयलर हा चालू-बंद करायचा प्रकार नाही. युनिट बंद झालं तरी टर्बाइन बारिंग गिअरवर हळूहळू फिरवत ठेवावं लागतं, नाहीतर गरम शाफ्ट स्वतःच्या वजनाने वाकतो. थंड युनिट पुन्हा चालू करायचं म्हणजे आधी तेलावर लाइट-अप, मग तास न् तास हळूहळू प्रेशर टेंपरेचर वाढवत न्यायचं, रोलिंग, ३००० आरपीएमला आणून ग्रिडशी सिंक्रोनाइझ, मग एकेक मिल घ्यायची. घाई केली तर जाड धातूला ताण येतो आणि पुढे कधीतरी ट्यूब फुटते. त्यामुळे संध्याकाळी सातला वीज हवी असेल तर ते युनिट दुपारी पण चालूच ठेवावं लागतं, भले कमी लोडवर. आज नियमाने ५५ टक्क्यांपर्यंत लोड खाली घेता आला पाहिजे आणि २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर न्यायचं ठरलंय. वाचायला सोपं वाटतं. पण राखेने भरलेल्या कोळशावर ४० टक्के म्हणजे फर्नेसमध्ये ज्वाला अस्थिर, फ्लेम स्कॅनर कधी दगा देईल नेम नाही, तेलाचा सपोर्ट घ्यावा लागतो, विजेच्या एका युनिटमागचा कोळसा वाढतो, आणि रोज दुपारी खाली संध्याकाळी वर असं केलं की ट्यूब लीकेज वाढणारच. आमची जुनी युनिटं एका लोडवर महिनोन् महिने चालवायला बांधलेली होती. आज त्यांच्याकडून वेगळंच काम मागितलं जातंय आणि ते काम महत्त्वाचं आहे, फक्त त्याची किंमत नीट मोजली जात नाही.

माझं मत विचाराल तर चालू आहेत ती केंद्रं नीट सांभाळा, हे नवीन काम करायला लायक बनवा, त्यासाठी पैसे द्या. नवीन किती बांधायची यावर इथे प्लॅनिंगचे लोक असतील त्यांनी बोलावं.

---

मेरिट_ऑर्डर

काकांनी मस्त लिहिलंय. मी वीज खरेदीच्या बाजूला काम करतो, त्या बाजूने सांगतो, कारण आमच्याकडे जे दिसतं ते बॉयलरवर दिसत नाही.

कोळशाच्या विजेचा दर दोन भागांत असतो. एक स्थिर आकार, म्हणजे केंद्र बांधायचं कर्ज, व्याज, पगार, देखभाल. दुसरा इंधनाचा आकार. करार साधारण २५ वर्षांचा. केंद्राने "मी तयार आहे" असं जाहीर केलं की आम्ही वीज घेतली काय न घेतली काय, स्थिर आकार द्यावाच लागतो. आता समजा स्थिर आकार युनिटला ३ रुपये धरलाय आणि तो ८५ टक्के वापर गृहीत धरून. दुपारी सोलर असल्यामुळे आम्ही त्या केंद्राचा वापर निम्म्यावर आणला तर तोच स्थिर आकार प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटमागे ६ रुपये होतो. म्हणजे सोलर जसजसं वाढणार तसतशी नव्या कोळसा केंद्राची एकेक युनिट महाग होत जाणार. निविदेत जो साडेपाच रुपये दर दिसतो तो भरपूर वापर होईल असं धरून आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आणि हे आपण एकदा भोगलेलं आहे. २००७-०८ च्या सुमारास देशाचा पीएलएफ ७८ टक्क्यांच्या आसपास होता, सगळीकडे भारनियमन, सगळे म्हणाले बांधा. खाजगी कंपन्यांनी धडाधड केंद्रं बांधायला घेतली, बँकांनी कर्ज दिलं, आणि नंतर कोणाकडे कोळशाचा करार नाही, कोणाकडे वीज विकायचा करार नाही. २०१८ मध्ये संसदेच्या समितीसमोर अडचणीतल्या ३४ प्रकल्पांची यादी होती, ४० हजार मेगावॅट. पीएलएफ घसरत घसरत ५५ च्याही खाली गेला. ते बुडीत कर्ज शेवटी तुमच्या-माझ्या बँकांच्या डोक्यावर. म्हणून "मागणी वाढणार म्हणून ८० हजार मेगावॅट बांधा" असं कोणी म्हणालं की मला पहिला प्रश्न पडतो, मागणी वाढणार पण दिवसाच्या कुठल्या तासाला?

हे तासाचं गणित फार महत्त्वाचं आहे. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॅटवर गेली, तेव्हापर्यंतचा विक्रम, आणि ती दुपारची होती. ती भागवली गेली कारण सोलर जोरात होतं. खरी मारामारी संध्याकाळी सात ते रात्री अकरा. एसी चालू, दिवे चालू, स्वयंपाकघर चालू, सोलर शून्य. त्यात वर्षाचे काही महिने जास्त वाईट. पावसाळ्यात ढग असतात पण जून ते सप्टेंबर वारा जोरात असतो, पवनचक्क्या हात देतात, धरणं भरत असतात. एप्रिल-मेच्या उकाड्याच्या रात्री वाईट. आणि पाऊस ओढ देतो तेव्हा किंवा परतताना, वारा पडतो आणि उकाडा परत चढतो, ते पण वाईट. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला आणि १ सप्टेंबरला मागणी तेव्हाच्या विक्रमावर, २४० गिगावॅटच्या पुढे. २०२१ चा कोळसा तुटवडा पण बघा, ऑक्टोबरच.

म्हणजे आपल्याला वर्षातल्या ठराविक महिन्यांतल्या ठराविक तासांना वीज हवी आहे. त्यासाठी वर्षभर स्थिर आकार मागणारं, २५ वर्षं गळ्यात पडणारं नवीन केंद्र हा उपाय असू शकतो पण सगळ्यात महाग उपायांपैकी एक आहे. थोडी नवीन क्षमता लागेल, मी शून्य म्हणणाऱ्यातला नाही, कारण जुनी काही युनिटं बंद होणार आहेत आणि साठवणुकीचे प्रकल्प वेळेत होतील याची खात्री कुणी देत नाही. वीज कमी पडली की गावाकडचे फीडर, म्हणजे वीज नेणाऱ्या लाइन, आधी बंद होतात, शहराच्या बातम्यांत ते येत पण नाही. पण ८० हजारचा आकडा एकदम पुढे ठेवणं मला घातक वाटतं. दर दोन-तीन वर्षांनी मागणी, बॅटरीचे भाव, पंप स्टोरेज (पाणी वर चढवून वीज साठवणं) कुठवर आलं हे बघून थोडं थोडं ठरवायला हवं.

आयात कोळशावरच्या केंद्रांबद्दल एक. जानेवारी २०२२ मध्ये इंडोनेशियाने काही दिवस निर्यातच थांबवली, मग युक्रेनचं युद्ध, भाव गगनाला. मालकांनी युनिटं बंद ठेवली कारण करारातल्या दरात परवडेना, शेवटी मे २०२२ मध्ये केंद्र सरकारला वीज कायद्याचं कलम ११ वापरून ती चालवायला लावावी लागली. त्यामुळे कोळसा म्हणजे स्वावलंबन हे वाक्य पण किनाऱ्यावरच्या केंद्रांना लागू नाही.

---

राखपट्टा

दोघांनी चांगली माहिती दिली. पण मी केंद्राच्या कुंपणाबाहेर राहणारा माणूस आहे आणि या चर्चेत आमची बाजू नेहमी शेवटी येते, म्हणून लिहितोय. केंद्राचं नाव घेत नाही.

काकांनीच सांगितलं की युनिटला सहाशे-साडेसहाशे ग्रॅम कोळसा आणि त्यात ३० ते ४५ टक्के राख. म्हणजे तुम्ही वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे साधारण पाव किलो राख कुठेतरी पडते. कुठे? आमच्याकडे. मे महिन्यात राखेच्या तळ्याचं पाणी आटतं, वरचा थर वाळतो आणि दुपारनंतर वारा सुटला की करड्या रंगाची धूळ शेतावरून सरकत येते. कापूस काढणीला आला की बोंडावर बोट फिरवा, बोट करडं. दोरीवर वाळत घातलेले कपडे परत धुवायचे. विहिरीचं पाणी आम्ही प्यायचं सोडून दिलंय. तक्रार केली की टँकरने तळ्यावर पाणी मारतात, आठवडाभर, मग पुन्हा तेच.

कागदावर सगळं आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे सगळी राख वापरली गेली पाहिजे, सिमेंटला, विटांना, रस्त्याच्या भरावाला, आणि जुनी साठलेली राख पण ठरलेल्या वर्षांत संपवली पाहिजे. इएसपी म्हणजे धुरातली राख पकडणाऱ्या यंत्रातून निघणारी कोरडी बारीक राख सिमेंटवाले नेतात, त्याला पैसे मिळतात, तिचं बरं चाललंय. तळ्यात पाण्याबरोबर सोडलेली जुनी राख न्यायला कोणी येत नाही कारण तिला वाहतुकीचा खर्च करावा लागतो.

आता धुराबद्दल. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पर्यावरण मंत्रालयाने नियम काढले, धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड, पारा, सगळ्यांवर मर्यादा. मुदत दोन वर्षांची होती. मग २०२२ झाली, मग अजून पुढे, अजून पुढे, आणि २०२५ च्या जुलैमध्ये पाऊणशे टक्क्यांहून जास्त युनिटांना सल्फर काढायचं यंत्र, म्हणजे एफजीडी, बसवायची गरजच नाही असं ठरवून टाकलं. कारण दिलं की आपल्या कोळशात सल्फर कमी असतं. असतं, मान्य, अर्धा टक्क्याच्या आसपास. पण एकाच पट्ट्यात हजारो मेगावॅट असतील तर अर्ध्या टक्क्याचे पण डोंगर होतात, आणि तो वायू पुढे हवेत जाऊन बारीक कण बनतो जे छातीत जातात. ज्यांनी वेळेत यंत्रं बसवली त्यांनी पैसे घातले आणि जे दहा वर्षं बसून राहिले त्यांना सूट मिळाली, हे मला फार लागलं.

पाण्याचं पण बोला कोणीतरी. २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. २०१६ मध्ये फराक्का, गंगेच्या काठावरचं केंद्र, कालव्यात पाणी नाही म्हणून बंद पडलं होतं. जिथे माणसाला प्यायला पाणी नाही तिथे कूलिंग टॉवर कसा चालवणार? चांगली उदाहरणं पण आहेत, नाही असं नाही. कोराडीला नागपूर शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून वापरतात, झारखंडात उत्तर करणपुऱ्याला हवेने थंड होणारा कंडेन्सर लावलाय, पाणी खूप कमी लागतं. म्हणजे करता येतं. सगळीकडे का करत नाहीत?

आणि पैशाचं. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो राज्यांच्या नुकसान भरपाईत वळवला आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये काढूनच टाकला. ते पैसे राखेची तळी बंद करायला, पाइपने पाणी द्यायला, दवाखान्याला वापरले असते तर?

कोळसा उद्या बंद करा असं मी म्हणत नाही, गावातली निम्मी घरं त्याच केंद्रात ठेकेदाराकडे कामाला जातात, माझा भाऊ पण. पण "विकसनशील देशाची गरज" म्हणताना त्या गरजेची किंमत कोण भरतोय ते पण त्याच वाक्यात म्हणा.

---

सायंकाळची_वीज

सगळ्यांचे मनापासून आभार, खासकरून राखपट्टा दादा, पाव किलो राखेचा हिशोब मी कुठेच वाचला नव्हता.

म्हणजे मूळ प्रश्न संध्याकाळचे चार-पाच तास हा आहे असं मी समजतो. मग मेरिट ऑर्डर सर, बॅटरी आणि पंप स्टोरेज यांनी ते तास भरून निघतील का? किती वर्षांत? आणि मागणीच दुपारी सरकवता येत नाही का?

---

घाटघर_ते_कोयना

याचं उत्तर मी देतो, मी जलविद्युतवाला.

कोयना १९६० मेगावॅट. हवी तेव्हा काही मिनिटांत चालू होते, म्हणून संध्याकाळी सगळ्यांची लाडकी. पण पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी ठरवून दिलंय, ते पुरवून पुरवून वापरावं लागतं. दिवसभर चालवली तर मार्चमध्येच हात वर. त्यामुळे कोयना म्हणजे तिखट मिठासारखी, त्यावर पोट नाही भरत.

पंप स्टोरेजचं तसं नाही, तेच पाणी वर-खाली. घाटघरला १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत, वीज स्वस्त असेल तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज काढायची. चढवताना जेवढी वीज लागते त्यातली साधारण पाव वाया जाते पण दुपारची फुकटात जाणारी सोलर वीज असेल तर ते परवडतं. राजस्थानात लाइन कमी पडते म्हणून सोलर बंद ठेवावं लागतं, तिथली वीज अशी तर वाचली असती. सह्याद्रीत अशा जागा भरपूर आहेत आणि आता बऱ्याच प्रकल्पांचे करार पण झालेत. अडचण वेळेची. जंगल परवानगी, बोगदा, भूमिगत पॉवरहाऊस, काम सुरू झाल्यावर चार-पाच वर्षं तरी धराच, आणि जागा पश्चिम घाटात असल्यामुळे विरोध होणार, व्हायला पण हवा, कारण काही जागा खरंच हात लावू नये अशा आहेत.

बॅटरी लवकर उभी राहते, दीड-दोन वर्षांत. भाव झपाट्याने उतरलेत. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने सांगितलं की सोलरच्या नव्या निविदांमध्ये किमान १० टक्के क्षमतेची दोन तासांची साठवण बरोबर घ्या. सुरुवात म्हणून ठीक, पण दोन तास म्हणजे सात ते नऊ. नऊ ते पहाटे सहा कोण? तिथे अजून कोळसाच आहे आणि काही वर्षं राहील. बॅटरी संध्याकाळचा सुळका कापते, रात्रीचं पठार नाही कापत.

मागणी सरकवण्याबद्दल तुम्ही विचारलंत ते मला सगळ्यात आवडलं, कारण तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि त्याचं श्रेय कोणी घेत नाही. शेतीपंप आपल्याकडे वर्षानुवर्षं रात्री चालवले, शेतकरी रात्री दोनला बांधावर, साप-विंचू, थंडी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर दिवसा सोलरवर आणायचं काम चाललंय, त्यात शेतकऱ्याची झोप पण वाचते आणि रात्रीचा कोळसा पण वाचतो. दुसरं, २०२३ च्या नियमांत वेळेनुसार दर आलेत, सोलरच्या तासांत १० ते २० टक्के स्वस्त आणि सगळ्यात जास्त मागणीच्या तासांत १० ते २० टक्के महाग. कारखान्यांनी भट्ट्या, पाण्याचे पंप, शीतगृहं दुपारी वळवली तर संध्याकाळ आपोआप हलकी होते. घरगुती ग्राहकाला स्मार्ट मीटर बसल्यावरच हे लागू होणार आणि मीटरवरून चाललेली भांडणं तर सगळ्यांना माहितीच आहेत.

---

मेरिट_ऑर्डर

जलविद्युतवाल्यांशी सहमत. फक्त एक भर, नवीन कोळसा केंद्र सुद्धा आज ठरवलं तर वीज यायला पाच-सहा वर्षं लागतात, कधी जास्त. म्हणजे "साठवणुकीला वेळ लागतो म्हणून कोळसा बांधा" हा युक्तिवाद तितकासा टिकत नाही, वेळ दोन्हीला लागतो. आज-उद्याच्या टंचाईवर उपाय म्हणजे चालू केंद्रांवर पावसाळ्याआधी भरपूर साठा करून ठेवणं, आणि त्या साठ्यात अडकणाऱ्या पैशाची सोय करणं, म्हणजे वितरण कंपन्यांनी बिलं वेळेवर भरणं. २०२१ मध्ये पावसाने खाणी भरल्या हे खरंच, पण ज्या केंद्रांची येणी थकली होती त्यांच्याकडे साठा आधीपासूनच कमी होता.

---

बॉयलर_मजला

राखपट्टा यांनी लिहिलेलं वाचून झोप लागली नाही. राखेच्या तळ्याबद्दल ते म्हणतात ते बरोबर आहे, आत असताना आमचं सगळं लक्ष लोडवर असतं, आणि राखेचं बजेट कापायचं ठरलं की कोणी भांडत नाही. ते बदलायचं असेल तर राखेचा खर्च वीजदरात वेगळा दाखवून त्याचा हिशोब दर वर्षी गावात जाहीर वाचला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांच्या भावाबद्दल मात्र लिहायचंय. केंद्र बंद होतं तेव्हा कायम नोकरीवाल्यांची बदली होते, ठेकेदाराच्या माणसाचा गेटपास बंद होतो, एवढंच. दक्षिण आफ्रिकेत कोमाटीचं केंद्र २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केलं. त्यांच्याकडे पण वीज ८० टक्क्यांच्या वर कोळशाची, आणि २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी त्यांना ८.५ अब्ज डॉलरचं आश्वासन दिलेलं, त्यातला मोठा भाग कर्जाचाच. कोमाटीला सोलर, बॅटरी, प्रशिक्षण सगळं येणार होतं, पण केंद्र आधी बंद झालं आणि बाकीचं मागून रखडत आलं, गावाचा धंदा बसला. आणि त्यानंतरच्याच वर्षी त्या देशात भारनियमन सगळ्यात वाईट होतं, कारण बाकीची कोळशाची केंद्रं नीट न सांभाळल्यामुळे सारखी बंद पडत होती आणि मेडुपी-कुसिलेसारखी नवीन प्रचंड केंद्रं वर्षानुवर्षं लांबलेली, खर्च वाढलेला. दोन्हीकडून मार. आपण हे नीट अभ्यासायला पाहिजे.

आपल्याकडे अजून एक गुंता आहे, रेल्वे जेवढा माल वाहते त्यातला जवळजवळ निम्मा कोळसा असतो आणि त्या भाड्यातून पॅसेंजरचं तिकीट स्वस्त ठेवलं जातं. खाणीच्या राज्यांना रॉयल्टी मिळते. कोळसा कमी झाला की हे पैसे कुठून येणार याचा विचार आत्तापासून हवा.

तर क्रम असा असावा असं मला वाटतं. आधी २१० मेगावॅटची जुनी युनिटं, ज्यांना कोळसा जास्त लागतो, ती एकेक करून, पण बंद करायच्या तीन वर्षं आधी गावात जाहीर करून, ठेकेदाराच्या माणसांची नावानिशी यादी करून, त्याच जागेवर बॅटरी किंवा सोलरचं काम सुरू करून. जागा आहे, वीज ग्रिडला जोडायचं स्विचयार्ड आहे, लाइन आहे, ते सगळं वाया का घालवायचं. सुपरक्रिटिकल युनिटं, म्हणजे जास्त दाबाच्या वाफेवर चालणारी, नवी आहेत, ती राहू देत, त्यांना लोड खाली-वर करायला शिकवा. आणि नवीन केंद्राला परवानगी द्यायचीच तर राख, पाणी आणि सल्फर या तिन्हीची सोय पहिल्या दिवसापासून असेल तरच.

सायंकाळची_वीज, तुम्हाला खरंच रस असेल तर सीईएचा (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा) रोजचा कोळसा साठ्याचा रिपोर्ट आणि देशाचं ग्रिड चालवणाऱ्या ग्रिड इंडियाचा रोजचा रिपोर्ट बघत जा, दोन्ही फुकट असतात. दुपारी एकला सोलर किती, रात्री आठला कोळसा किती, एवढे दोनच आकडे महिनाभर वहीत लिहा आणि मग इथे परत या, पुढचं त्यावरून बोलू.